सिबेलियसचं ‘काळे गुलाब’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे नेमकं कोणतं गाणं?

फिनलंडचा संगीतकार ज्याँ सिबेलियस याने १८९९ साली रचलेलं ‘स्वार्ता रूसुर’, म्हणजे ‘काळे गुलाब’. एक गळा, एक पियानो, तीन कडवी. सगळं मिळून दोन मिनिटांच्या आसपास. त्याच्या ओपस ३६ या सहा गाण्यांच्या संचातलं हे पहिलं. सिबेलियस म्हटलं की लोकांना सिम्फनी आणि ‘फिनलंडिया’ ही वाद्यवृंदाची रचना आठवतात, पण त्याने शंभरेक गाणीही लिहिली आहेत. मैफलींत जी पुन्हा पुन्हा गायली जातात, त्यांत हे अगदी वरच्या रांगेत आहे.

गाण्यात आहे तरी काय? कुणी मेलंय का, प्रेमभंग झालाय का?

दोन्हीपैकी काहीच नाही, आणि तेच त्याचं बळ आहे.

पहिल्या कडव्यात कुणीतरी विचारतं, आज असा उदास का? एरवी तर तू सदा हसतमुख असतोस. उत्तर येतं, आज मी काही जास्त उदास नाही. तुला मी आनंदी वाटतो तेव्हा जेवढा उदास असतो, तेवढाच आजही आहे. पाठोपाठ धृपद: कारण दुःखाला रात्रीसारखे काळे गुलाब येतात.

दुसऱ्या कडव्यात तो सांगतो की माझ्या काळजात गुलाबाचं एक झाड वाढतंय. ते घटकाभर स्वस्थ बसू देत नाही. देठाला काट्याशेजारी काटा, आणि त्यांची सल कायमची. तिसऱ्यात फुलांचा नुसता खजिना लागतो, काही मरणासारखी पांढरी, काही रक्तासारखी लाल. झाड वाढतच जातं, त्याची मुळं हिसके मारतात, आता जीव जाणार असं वाटू लागतं. आणि पुन्हा तेच धृपद.

फुलांचे रंग सांगताना कवी पांढरा आणि लाल एवढेच सांगतो. काळा रंग येतो तो फक्त धृपदात. दुःखाचं कारण विचारलं गेलं होतं, ते शेवटपर्यंत सांगितलंच जात नाही. विचारणारी व्यक्तीही पहिल्या कडव्यानंतर गायब होते. उत्तर देणारा एकटाच बोलत राहतो.

इतकं उदास गाणं, मग सुरुवात एवढी प्रसन्न का वाटते?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पाश्चात्त्य संगीतात ‘मेजर’ म्हणजे साधारण उजळ आणि ‘मायनर’ म्हणजे साधारण काळोखं, असा एक ढोबळ संकेत आहे. उदास कविता हाती आली की बहुतेक संगीतकार थेट मायनरमध्ये शिरतात. सिबेलियस तसं करत नाही. हे गाणं सुरू होतं सी मेजरमध्ये, आणि सी मेजर म्हणजे तर सगळ्यात साधी, कोरी, लख्ख पट्टी. पियानो खालून वर विखुरलेले सूर वाजवत राहतो आणि त्यावर गळा मोकळेपणाने चालतो. शब्द कळत नसतील तर एखादं वसंतातलं गाणं लागलंय असंच वाटेल.

मग धृपद येतं आणि गाणं सी शार्प मायनरमध्ये उतरतं. उतरतं म्हणायचं ते भावाने. षड्ज प्रत्यक्षात अर्ध्या सुराने वर गेलेला असतो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर गाणं पांढरी एकला सुरू होतं आणि काळी एकला संपतं. घरात हार्मोनियम किंवा कीबोर्ड असेल तर हे करून बघाच. पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी पाच या पट्ट्या एकत्र दाबा: सा, शुद्ध ग, प. हा सी मेजर. आता मधलं बोट पांढरी तीनवर तसंच ठेवा आणि बाकीची दोन अर्ध्या सुराने वर सरकवा, म्हणजे काळी एक आणि काळी चार. झाला सी शार्प मायनर. मधला सूर हललेलाच नाही. पण षड्ज वर सरकल्यामुळे, मघाशी जो शुद्ध गंधार होता तोच आता कोमल गंधार झाला.

सूर तोच. त्याच्या पायाखालची जमीन तेवढी सरकली, आणि उजेडाचा अंधार झाला.

आता पहिल्या कडव्यातलं उत्तर पुन्हा वाचा: तुला मी आनंदी वाटतो तेव्हाही मी एवढाच उदास असतो. माणूस तोच आहे, बघणाऱ्याला फरक वाटतो. कवितेत जे म्हटलंय तेच सिबेलियसने दोन स्वरसंगतींत करून दाखवलंय. माझ्या मते या गाण्याची उदासी मायनरमध्ये नाहीच. ती त्या सी मेजरमध्ये आधीपासून बसलेली आहे, फक्त धृपद येईपर्यंत आपल्याला कळत नाही. एकदा शेवट ऐकला की दुसऱ्या वेळी तीच सुरुवात प्रसन्न वाटत नाही. करून बघा, लागोपाठ दोनदा ऐका.

पण मग पुढच्या कडव्यात पुन्हा उजेड कसा येतो?

येतो, काही झालंच नाही अशा थाटात येतो. दुसरं कडवं पुन्हा मूळ पट्टीत उभं राहतं, जवळपास तीच चाल, तेच पियानोचं वाहणं. चार माणसांत बसलेला माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग ‘काही नाही, बोल तू’ म्हणतो, तसं.

तिसऱ्या कडव्यात मात्र हे नाटक टिकत नाही. साथीत थरथर येते, आवाज दबून सुरू होतो आणि चढत जातो, झाड वाढतंय हे शब्दांआधी पियानोतून कळतं. शेवटचं धृपद पूर्ण ताकदीनं, वरच्या सुरांत. तिथून परत पांढरी एकला कुणी आणत नाही. ज्या पट्टीत गाणं सुरू झालं त्या पट्टीत ते संपत नाही, ही गोष्ट त्या काळच्या दोन मिनिटांच्या गाण्यात बरीच धाडसाची होती.

याचा राग कोणता म्हणता येईल?

कोणताच नाही. सी मेजरचे सूर बिलावल थाटाचे आहेत हे खरं, पण थाटाचे सूर जुळले म्हणजे राग झाला असं होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिवाय इथे परिणाम घडतो तो षड्ज हलवल्यामुळे, आणि रागसंगीतात षड्ज अढळ असतो. तानपुरा लावून हे गाणं म्हणायला गेलात तर पहिल्या धृपदालाच तानपुरा आणि गळा एकमेकांशी भांडतील. मूर्च्छनेशी थोडं नातं लावता येईल, पण तेही ओढूनताणून. कारण मूर्च्छनेत स्वर तेच ठेवून आधारस्वर बदलतात. इथे तीनपैकी दोन सूर खरोखरच नवे आहेत.

फिनिश गाणं म्हणता, आणि शब्द स्वीडिश?

हो. फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या राज्याचा भाग होता. त्यानंतर १९१७ साली स्वतंत्र होईपर्यंत तो रशियाच्या झारच्या अमलाखाली होता, पण शिकलेल्या शहरी घरांत स्वीडिशच बोलली जाई. सिबेलियस १८६५ साली हॅमेनलिन्ना या गावात अशाच घरात जन्मला. फिनिश त्याला पुढे शाळेत मिळाली. ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यावर त्याने मोठमोठ्या रचना केल्या, त्याची बायको आयनो फिनिशचा कट्टर पुरस्कार करणाऱ्या यार्नेफेल्ट कुटुंबातली. तरी एकट्याच्या गळ्यासाठी गाणं लिहायला बसला की तो बहुतेक वेळा स्वीडिश कवितेकडेच वळायचा. त्याच्या गाण्यांपैकी फार मोठा वाटा स्वीडिशमध्ये आहे.

१८९९ हे साल मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं. फेब्रुवारीत झार दुसरा निकोलस याने फिनलंडची स्वायत्तता आवळणारा जाहीरनामा काढला. एप्रिलमध्ये सिबेलियसची पहिली सिम्फनी वाजली. नोव्हेंबरमध्ये वृत्तपत्रांच्या बाजूने झालेल्या समारंभासाठी त्याने जे संगीत दिलं, त्याचा शेवटचा भाग पुढे ‘फिनलंडिया’ झाला. त्याच वर्षातलं हे गाणं, ज्यात देश, झार, स्वातंत्र्य यांचा मागमूस नाही.

कवी कोण होता?

एर्न्स्ट योसेफसन, स्टॉकहोमचा, १८५१ ते १९०६. खरी ओळख चित्रकाराची. पाण्यात बसून व्हायोलिन वाजवणारा जलपुरुष हे त्याचं चित्र आज स्वीडनमध्ये घरोघरी माहीत आहे, पण तेव्हाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने ते नाकारलं होतं; पुढे राजपुत्र युजेनने ते स्वतःसाठी विकत घेतलं. कला अकादमीच्या जुनाट कारभाराविरुद्ध १८८५ साली स्वीडिश चित्रकारांनी जे बंड केलं, त्यातही तो पुढे होता.

‘काळे गुलाब’ हेच नाव असलेला त्याचा कवितासंग्रह १८८८ साली निघाला. त्याच उन्हाळ्यात फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळच्या ब्रेआ बेटावर त्याला मानसिक आजाराचा मोठा झटका आला. त्यातून तो पूर्ण सावरला नाही, पण चित्रं काढत राहिला. काही चित्रांवर तो रेम्ब्रांटसारख्या गतकाळच्या चित्रकारांची नावं सही म्हणून टाकायचा. या आजारपणातल्या रेषांनी पुढच्या पिढीतल्या चित्रकारांवर छाप टाकली.

कविता आजाराच्या खुणा शोधत वाचायचा मोह होतो. तो आवरावा. संग्रहातल्या कविता झटक्याच्या आधीच्या आहेत, आणि हसऱ्या चेहऱ्याआडच्या दुःखाबद्दल लिहायला माणूस आजारी असावाच लागतो असं नाही.

सिबेलियसची लहान मुलगी गेली, त्या दुःखातून हे गाणं आलं असं वाचलं होतं. खरं आहे का?

नाही, कालक्रमच जुळत नाही. त्याची तान्ही मुलगी किर्स्ती फेब्रुवारी १९०० मध्ये आजारपणात गेली. गाणं १८९९ चं.

फिनलंडमध्ये थंडी आणि अंधार, म्हणून तिथलं संगीत उदास, हे बरोबर ना?

डिसेंबरात हेलसिंकीत दिवस सहा तासांचाही नसतो, हे खरं. पण जूनमध्ये तोच दिवस जवळपास एकोणीस तासांचा होतो, त्याचं काय करायचं? हवामानावरून संगीत समजावून सांगणारे फक्त हिवाळाच का मोजतात कोण जाणे. शिवाय या गाण्याचा कवी स्वीडनचा, आणि गाण्यात बर्फ नाही, हिवाळा नाही, आहे ते गुलाबाचं झाड. फिनिश लोकांना मायनरमधली गाणी आवडतात हे मान्य. त्यांचा टँगोसुद्धा बहुतेक मायनरमध्येच नाचतो. पण ‘काळे गुलाब’ त्या सवयीच्या नेमकं उलट वागतं. ते मेजरमध्ये राहायचा प्रयत्न करतं आणि त्याला ते जमत नाही.

आपल्या भावगीतासारखाच हा प्रकार आहे का?

बऱ्यापैकी. आधी स्वतंत्र कविता, मग संगीतकाराने तिला दिलेली चाल, एकाच गायकाचा गळा, दोन-चार मिनिटांत सगळा भाव. इथपर्यंत दोन्ही हातात हात घालून चालतात. मात्र भावगीतात गायकाला हरकत, मुरकी घ्यायची मोकळीक असते, वादकही थोडं आपल्या मनाने भरतो. इथे पियानोचा एकेक सूर कागदावर लिहिलेला आहे, आणि तो गायकाइतकाच बोलतो. ‘काळे गुलाब’मध्ये माणूस ‘आज काही जास्त उदास नाही’ म्हणत असतो, तेव्हा खरं काय ते पियानोला माहीत असतं. त्यामुळे ‘साथीदार’ हा शब्द इथे अपुरा पडतो. वाईट पियानोवादक असेल तर उत्तम गायकही हे गाणं वाचवू शकत नाही.

पहिल्यांदा कुणी गायलं? आज कुणाचं ऐकावं?

१८९९ च्या सप्टेंबरमध्ये हेलसिंकीत आयडा एकमन या गायिकेने. सिबेलियसच्या गाण्यांना खऱ्या अर्थाने श्रोते मिळवून दिले ते तिने. त्याआधी व्हिएन्नात शिकत असताना तिने त्याचं एक जुनं गाणं खुद्द ब्राम्सला, त्या काळच्या थोर जर्मन संगीतकाराला, ऐकवलं होतं.

आज ऐकायचं तर माझी पसंती अशी. स्वीडिश टेनर, म्हणजे उंच पुरुषी गळ्याचा गायक, युसी ब्यॉर्लिंगपासून सुरुवात करा. त्याचा गळा मुळातच उजळ, त्यामुळे पहिल्या दोन ओळींत शंकेला जागाच राहत नाही आणि धृपद नीट लागतं. अ‍ॅन सोफी फॉन ऑटर आणि पियानोवर बेंग्ट फॉर्सबर्ग ही जोडी शब्दांसाठी. तिच्याकडे प्रश्न आणि उत्तर खरोखर दोन माणसांचे वाटतात. टॉम क्राउसे हा फिनिश बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालच्या गळ्याचा. पुरुषी, जाड आवाजात तिसरं कडवं अंगावर येतं. किर्स्टन फ्लागस्टाड या नॉर्वेच्या गायिकेचं १९५८ चं ध्वनिमुद्रण लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत आहे. आवाजाचा डोंगर आहे तो, पण मला त्यात पहिल्या कडव्यातली हलकी बनवाबनवी सापडत नाही.

म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीही आहे?

आहे, पण ती मांडणी सिबेलियसने स्वतः केलेली नाही, इतरांनी केलेली आहे. पियानोचा तोच एक रंग अचानक काळवंडतो ही गंमत तिथे पातळ होते, कारण ऑर्केस्ट्रात रंग आधीच दहा असतात. आधी पियानोसोबतच ऐका.

मला गायचं आहे. स्वीडिश येत नाही. काय करू?

स्वीडिशच्या बाबतीत देवनागरी बरीच कामाला येते. नावाचा उच्चार ‘स्वार्ता रूसुर’. लिहिताना ‘ओ’ असला तरी म्हणताना ‘ऊ’. धृपद साधारण असं: ‘ती सॉर्येन हार नात्‌स्वार्ता रूसुर’. पहिल्या ‘ती’साठी ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणायचं, तो स्वर मराठीत नाही. बाकी ब्यॉर्लिंगच्या मागे मागे म्हणत जा, तो स्वच्छ बोलतो.

स्वरलेखन इंटरनेटवरच्या मोफत संग्रहांत सहज मिळतं. सिबेलियस १९५७ साली गेला, भारतात रचनेचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे २०१८ पासून आपल्याकडे ती खुली आहे. युरोपात मुदत सत्तर वर्षांची. ध्वनिमुद्रणांचे हक्क वेगळे, ते उचलून कुठे चढवू नका.

पट्टीचं म्हणाल तर मूळ रचना उंच गळ्यासाठी आहे, पण खालच्या पट्टीतल्या आवृत्त्याही छापलेल्या आहेत. कुठलीही घेतली तरी सुरुवात आणि शेवट यांतलं अर्ध्या सुराचं अंतर तेच राहतं, त्यामुळे बिघडत काही नाही. सरावाला एक युक्ती: धृपदाआधीचा आणि नंतरचा षड्ज आळीपाळीने गुणगुणा, मधला गंधार पेटीवर धरून ठेवा. तो धरलेला सूर दोन्हीकडे कसा वेगळा लागतो हे कानाला कळलं की अर्धं गाणं बसलं. उरलेलं अर्धं म्हणजे सुरुवातीला दुःखी चेहरा न करणं. नवशिके पहिल्या ओळीपासून रडका सूर लावतात आणि मग धृपदाला करायला काही उरत नाही.

हे आवडलं. पुढे काय ऐकू?

त्याच संचातलं चौथं, ‘सेव, सेव, सूसा’. शब्द गुस्ताफ फ्रोडिंगचे. तळ्याकाठच्या लव्हाळ्यांना सळसळायला सांगितलंय. मग कळतं की याच तळ्यात इंगालिल नावाच्या मुलीने गावाच्या मत्सराला कंटाळून जीव दिला. पियानोतली सळसळ शेवटी परत येते, पण आता आपल्याला तळ्याची गोष्ट माहीत असते.

शब्दही फिनिश असलेलं हवं असेल तर तोइवो कूला या फिनिश संगीतकाराकडे जा. एइनो लेइनोच्या कवितेवरचं त्याचं ‘तुइयोतिन तुलेहेन काउआन’ घ्या: एक माणूस कितीतरी वेळ आगीकडे टक लावून बसलाय. कूलाला सिबेलियसचं उजळ नाटक नको होतं. हे गाणं पहिल्यापासून हळू आणि जड आहे. फिनलंडचं यादवी युद्ध संपता संपता, १९१८ साली व्हीपुरी शहरात एका वादात त्याला गोळी लागली आणि मे महिन्यात पस्तिशी गाठायच्या आत तो गेला. मागे राहिलेली गाणी मोजकी आहेत, एका रविवारी सगळी ऐकून होतात. यर्यो किल्पिनेन या दुसऱ्या फिनिश संगीतकाराचं मात्र तसं नाही. त्याची सातशेच्या वर आहेत, तिथे ‘टुंटुरी’च्या, म्हणजे उत्तरेकडच्या बोडक्या डोंगरांच्या गाण्यांपासून सुरुवात करावी.